स्वस्त विमान कंपनी : तिकिटामागचा हिसाब

७ ऑगस्ट २०२२ रोजी मुंबई-अहमदाबाद मार्गावर ‘अकासा एअर’ या नव्या कंपनीचे पहिले विमान उडाले. कंपनीचे प्रमुख विनय दुबे. त्यांनी त्याआधी जेट एअरवेजचा कारभार पाहिला होता. मोठे भांडवल शेअर बाजारातील नामांकित गुंतवणूकदार राकेश झुनझुनवाला यांचे होते. पहिल्या उड्डाणानंतर अवघ्या सात दिवसांनी, १४ ऑगस्टला, त्यांचे निधन झाले. कंपनी मात्र चालू राहिली आणि आज देशातील अनेक शहरांना तिची विमाने जातात.

पहिला मार्ग मुंबई-अहमदाबाद निवडला गेला, ही आम्हा कापडवाल्यांच्या ध्यानात राहणारी गोष्ट. मुंबईचे मुळजी जेठा मार्केट आणि अहमदाबादचे मस्कती मार्केट यांच्यातील ये-जा फार जुनी आहे. तेव्हापासून बाजारात दोन सवाल वारंवार विचारले जातात. दोन-अडीच हजारांत विमानाचे तिकीट परवडते कसे? आणि अशा कंपनीकडे महिना-दोन महिने आधी पैसे भरून ठेवणे शहाणपणाचे आहे काय? दुसरा सवाल जास्त महत्त्वाचा आहे, पण पहिला समजल्याशिवाय त्याचा जवाब मिळत नाही.

आधी थोडा इतिहास. १९५३ मध्ये सरकारने देशातील सर्व विमान कंपन्या ताब्यात घेतल्या आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षे देशांतर्गत प्रवास म्हणजे इंडियन एअरलाइन्स, असा मामला होता. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला खाजगी कंपन्यांसाठी दार किलकिले झाले. त्या दारातून मोठ्या प्रमाणावर पुढे आलेली पहिली कंपनी ‘ईस्ट-वेस्ट एअरलाइन्स’. ती तकियुद्दीन वाहिद या केरळच्या तरुण मुस्लिम व्यावसायिकाने आपल्या भावांसह उभी केली होती. आखाती देशांत जाणाऱ्या कामगारांच्या प्रवासाचा धंदा करता करता या घराण्याने फेब्रुवारी १९९२ मध्ये स्वतःची विमाने उडवली. नोव्हेंबर १९९५ मध्ये वाहिद यांची मुंबईत हत्या झाली आणि १९९६ मध्ये कंपनी बंद पडली. आपल्या नव्या पिढीला हे नाव ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम नोंदवले.

त्याच काळात निघालेल्या दमानिया, मोदीलुफ्त, एनईपीसी या कंपन्याही राहिल्या नाहीत. १९९३ साली सुरू झालेली जेट एअरवेज पंचवीस वर्षे टिकली आणि एप्रिल २०१९ मध्ये थांबली. स्वस्त तिकिटाची कल्पना आपल्या देशात रुजवली ती कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने, २००३ मध्ये, बंगळूर-हुबळी मार्गावर. पुढे ती किंगफिशरमध्ये विलीन झाली आणि किंगफिशर २०१२ मध्ये बंद झाली. २००५ मध्ये स्पाइसजेट व गोएअर आल्या, २००६ मध्ये इंडिगो. यांपैकी गोएअर, म्हणजे नंतरची गो फर्स्ट, मे २०२३ मध्ये थांबली. हिसाब मांडला तर बंद पडलेल्या कंपन्यांची यादी चालू कंपन्यांपेक्षा लांब भरते.

आता खर्चाकडे येऊ. ‘कमी खर्चाची कंपनी’ म्हणजे हलक्या मालाची कंपनी, असा गैरसमज अनेकांचा असतो. विमान त्याच कारखान्यातले, पायलटचे लायसन्स तेच, तपासणी करणारे सरकारी खातेही तेच. फरक कंपनी चालवण्याच्या पद्धतीत आहे, आणि भिवंडी-मालेगावात ज्याने पॉवरलूम चालवले आहे त्याला ती पद्धत समजायला जड जाऊ नये.

माग बंद असला तरी गाळ्याचे भाडे चालू असते, कर्जाचा हप्ताही चालूच असतो. बीम संपल्यावर नवा बीम चढवायला जेवढा वेळ जातो तेवढे कापड बुडाले. म्हणून शहाणा कारखानदार दोन पाळ्या चालवतो आणि माग थांबू देत नाही. विमानाचे गणित नेमके हेच. जमिनीवर उभे असलेले विमान म्हणजे बंद माग. स्वस्त कंपनीचे विमान उतरल्यावर प्रवासी उतरणे, साफसफाई, सामान, इंधन आणि नवे प्रवासी चढणे हे सारे सुमारे अर्ध्या तासात उरकले जाते. सकाळी पहिला फेरा आणि मध्यरात्रीच्या आसपास शेवटचा. अशाने तेच विमान दिवसात एक-दोन फेरे जास्त करते आणि त्याचे भाडे जास्त तिकिटांवर वाटले जाते.

दुसरे, एकाच जातीची विमाने. अकासाकडे सर्व विमाने बोइंगच्या ७३७ मॅक्स जातीची आहेत. कारखान्यात सगळे माग एका कंपनीचे असले की जॉबर एकच लागतो, सुटे भाग एकाच मापाचे ठेवावे लागतात आणि कोणताही कारागीर कोणत्याही मागावर बसतो. इथेही पायलट आणि इंजिनियर यांचे तसेच असते. तिसरे, विमानात वरचा वर्ग नाही, त्यामुळे खुर्च्या जास्त बसतात. जेवण तिकिटात नाही, हवे असेल तर पैसे देऊन घ्यावे. पाय पसरायला जागा जास्त असलेली खुर्ची हवी असेल तर तिचेही पैसे वेगळे. आपण दुकानात शिलाई, फॉल-बिडिंग आणि कापड यांचे भाव वेगळे सांगतो, तसेच हे.

चौथी गोष्ट बाहेरून दिसत नाही. अकासाने नोव्हेंबर २०२१ मध्ये ७२ विमानांची ऑर्डर दिली, नंतर आणखी ४ आणि जानेवारी २०२४ मध्ये १५०. म्हणजे एकूण २२६. ठोक ऑर्डरीवर भाव खाली येतो हे व्यापाऱ्याला सांगायला नको. या धंद्यातली चाल अशी की कारखान्यातून विमान हाती आले की ते भाड्याने देणाऱ्या मोठ्या, बहुतेक परदेशी, कंपनीला विकायचे आणि तिच्याकडूनच वर्षांच्या कराराने भाड्याने घ्यायचे. विमानावर रंग आणि नाव विमान कंपनीचे, मालक मात्र दुसराच. भाडे डॉलरमध्ये. रुपया घसरला की भाडे आपोआप वाढते आणि प्रवाशाकडून मिळतात ते रुपयेच.

इंधनाचेही तसेच. विमान कंपनीच्या खर्चात तिसऱ्या हिश्श्यापासून चाळीस टक्क्यांपर्यंत वाटा एकट्या इंधनाचा असतो. हे इंधन जीएसटीत नाही. त्यावर राज्याचा व्हॅट लागतो आणि कंपनीला त्याची वजावट मिळत नाही. भरलेला कर मालाच्या किमतीत अडकून बसणे म्हणजे काय, हे कापडाच्या धंद्यात कोणाला समजावण्याची गरज नाही. महाराष्ट्राने २०२३च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी हा व्हॅट २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला, तरी तो थोडाथोडका नव्हे.

मग तिकिटाचा भाव ठरतो कसा? समजा एका फेऱ्याचा सारा खर्च सहा लाख रुपये आहे आणि खुर्च्या १८०. सर्व भरल्या तर एक खुर्ची ३,३३३ रुपयांना पडते, १५० भरल्या तर ४,००० ला, १२० भरल्या तर ५,००० ला. आकडे समजण्यापुरते आहेत. म्हणजे दोन हजारांचे तिकीट सर्वांना देऊन धंदा होऊच शकत नाही. कंपनी खुर्च्यांचे गट पाडते. पहिल्या थोड्या दोन हजारांना, त्या गेल्या की पुढच्या तीन हजारांना, मग साडेचार, आणि आदल्या दिवशी येणाऱ्या गरजवंताला नऊ. जाहिरातीत पहिल्या गटाचा भाव छापला जातो.

आपल्याकडे सीझन संपला की भाव उतरतो. राहिलेला माल कटपीस म्हणून निघतो, काहीतरी हाती येते. विमान उडाले की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य, तिचा कटपीसही होत नाही. तरीही शेवटच्या दिवशी कंपनी भाव उतरवत नाही, कारण त्या दिवशी येणारा माणूस मयत, आजारपण किंवा तातडीच्या सौद्यासाठी येतो आणि मागतील ते देतो, हे तिला पक्के ठाऊक असते.

यातूनच दुसऱ्या सवालाचा जवाब निघतो. कमी नफा, डॉलरचे भाडे, इंधनाचा हेलकावा आणि एक महिना जरी विमाने उभी राहिली तरी खर्च तसाच. अशा धंद्यात रोख पैसा म्हणजे श्वास. गो फर्स्टची बरीच विमाने इंजिनांच्या बिघाडामुळे जमिनीवर होती. कंपनीने २ मे २०२३ रोजी दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि ३ मेपासून विमाने थांबली. अकासाची अडचण उलट्या बाजूने आली. बोइंगकडून विमाने वेळेवर मिळेनात आणि भरती केलेल्या पायलटांपैकी अनेकांना कामाशिवाय बसावे लागले. कारागीर बोलावले, पगार सुरू झाला, माग अजून कारखान्यातच, अशी ही स्थिती. त्याआधी २०२३ मध्ये कंपनीचे चाळीसहून अधिक पायलट नोटिशीची मुदत न भरता सोडून गेले आणि उड्डाणे रद्द करावी लागली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. कंपनी त्यातून सावरली, हे तिच्या बाजूने सांगितलेच पाहिजे.

आता आपल्या पैशाचे पाहा. आपण दोन महिने आधी तिकीट काढतो तेव्हा कंपनीला बिनव्याजी, बिनतारण उधार दिलेले असते. आपल्या फिकहच्या किताबांत आगाऊ किंमत देऊन नंतर माल घेण्याच्या व्यवहाराला, म्हणजे सलमला, माल, माप आणि मुदत नक्की असण्याची शर्त घातली आहे. तिकीट हा व्यवहार भाड्याच्या, इजाऱ्याच्या जवळचा आहे आणि त्याचा मसला उलमांनाच विचारावा. पण व्यापारी नजरेने पाहिले तरी आगाऊ पैशाबाबतची ही सावधगिरी किती मोलाची आहे ते कळते. कंपनी दिवाळखोरीत गेली तर आपण फक्त एक घेणेकरी. आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारण असलेल्या बँका आणि कामगार, आणि बिनतारण माणूस त्यांच्या मागे. गो फर्स्टच्या प्रवाशांना परताव्यासाठी असेच दावे दाखल करावे लागले. जानेवारी २०२५ मध्ये त्या कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवण्याचा आदेश झाला. विमाने म्हणाल तर ती भाड्याचीच होती, त्यांचे मालक ती घेऊन गेले. ऑक्टोबर २०२३ पासून सरकारने अशी विमाने दिवाळखोरीच्या स्थगितीतून वगळली आहेत आणि २०२५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. म्हणजे पुढच्या वेळी मालक विमाने आणखी लवकर नेईल.

म्हणून काय करावे? नव्या किंवा अडचणीतल्या कंपनीचे तिकीट जरूर काढावे, पण दोन-तीन आठवड्यांच्या पुढचे नको. कारागिरांसाठी, बारातीसाठी वीस-तीस तिकिटे एकदम काढायची असतील तर सारी एकाच कंपनीत घालू नयेत. पैसे क्रेडिट कार्डाने भरले तर सेवा न मिळाल्यास बँकेकडे तक्रार करून रक्कम परत मागता येते. रोखीने दिले तर ती वाट बंद. एजंटकडे किंवा कंपनीच्या खात्यात ‘जमा’ म्हणून रक्कम पडून राहू देऊ नये. रद्द तिकिटाचे पैसे ‘पुढच्या प्रवासासाठी ठेवा’ असा आग्रह झाला तर नम्रपणे नकार द्यावा आणि पैसे परत मागावेत.

इतके वाचून कोणी म्हणेल, मग मोठी जुनी कंपनीच बरी. तसेही नाही. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे काही दिवसांत रद्द झाली. पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले होते आणि कंपनीकडे पुरेशी माणसे नव्हती. देशांतर्गत प्रवाशांपैकी सुमारे ६५ टक्के त्या एका कंपनीकडे. परिणाम असा झाला की इतर कंपन्यांचे भाव आभाळाला भिडले आणि सरकारला मर्यादा घालावी लागली : ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,००० पर्यंत १२,०००, १,५०० पर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,०००. सुताचा ६५ टक्के साठा एकाच व्यापाऱ्याच्या गोदामात असला आणि त्या गोदामाला कुलूप लागले तर मालेगावचे काय होईल? अकासाकडे बाजाराचा सुमारे पाच टक्केच हिस्सा आहे, तरी ज्या मार्गावर दुसरी कंपनी उभी राहते तिथे पहिलीला भाव सांभाळावा लागतो. ग्राहकाचा फायदा त्या स्पर्धेत आहे.

आपल्याला विमान कुठे परवडते, हा वेगळा प्रश्न. खरे सांगायचे तर अहमदाबादसाठी नाही. हवेत सव्वा तास, पण भिवंडीहून मुंबई विमानतळ गाठायला गर्दीत दीड-दोन तास, तिथे दीड तास आधी पोचायचे, उतरल्यावर शहरात जायचे. वंदे भारत साडेपाच तासांत मुंबईहून अहमदाबादला पोचवते. सुरतला तर विमानाचा विचारही करू नये. दिल्ली, कोलकाता, बंगळूर, वाराणसी इथे मात्र एक किंवा दोन रात्री वाचतात. दुकान सोडून गेलेल्या दिवसाचा गल्ला आणि हॉटेलचा खर्च तिकिटाच्या फरकाशी ताडून पाहावा, मगच ठरवावे.

कारागिरांचा प्रवास हा तर आपल्या धंद्याचा गाभाच. मुंबईतील जरीकाम आणि शिलाईचे कित्येक कारागीर उत्तर बिहारचे. दरभंगा विमानतळावरून प्रवासी विमाने ८ नोव्हेंबर २०२० रोजी सुरू झाली आणि ईदला घरी जाण्याची एक नवी वाट उघडली. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते आणि ईदच्या तारखांना काही मिनिटांत संपते. पण ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते हे विमान कंपन्यांनाही ठाऊक आहे आणि त्या आठवड्याचे भाव त्या आधीच चढवून ठेवतात. शक्य असेल तर कारागिरांना ईदच्या आठ-दहा दिवस आधी टप्प्याटप्प्याने सोडावे. परतीचे तिकीट ईदनंतरच्या दुसऱ्या आठवड्याचे घेतले तर फरक बराच पडतो.

तिकीट काढताना नाव आधार कार्डावर आहे अगदी तसेच लिहावे. आपल्या माणसांची अडचण इथेच होते. कार्डावर ‘मोहम्मद’, तिकिटावर ‘एमडी’, पॅनवर ‘मोहद’, आणि दारावरचा शिपाई अडवतो. ज्यांना आडनावच नाही त्यांच्यासाठी फॉर्मात आडनावाची जागा कशी भरावी याचा प्रत्येक कंपनीचा नियम असतो, तो आधी विचारावा. नाव दुरुस्त करायला नंतर पैसे पडतात, कधी तिकीटच नवे घ्यावे लागते.

सामानाची साधारण मर्यादा १५ किलो आणि हातात ७ किलो. नमुन्यांची एक पेटी सहज वीस किलोची होते. जास्तीचे वजन काउंटरवर भरायला गेलात तर किलोमागचा दर डोळे पांढरे करतो, तेच तिकिटाबरोबर आधी भरले तर स्वस्त पडते. कात्री, आरी, हातोडी, छिन्नी अशी हत्यारे हातातल्या पिशवीत चालत नाहीत, ती आत जाणाऱ्या सामानात टाकावीत. मोबाइलची पॉवर बँक उलट, ती हातातच ठेवावी लागते.

धंद्यासाठी प्रवास असेल तर बुकिंग करतानाच पेढीचा जीएसटी नंबर भरावा आणि बिल पेढीच्या नावाने घ्यावे. साध्या वर्गाच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी असतो आणि त्याची वजावट मिळते. कंपोझिशन योजनेत असलेल्यांना मात्र ती नाही.

विमान रद्द झाले आणि कंपनीने वेळेत कळवले नाही तर हक्क काय? पूर्ण पैसे परत किंवा दुसरे विमान, शिवाय भरपाई : एक तासापर्यंतच्या प्रवासाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या प्रवासाला ७,५००, त्यापुढे १०,००० किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. तिकीट पक्के असून जागा नाही म्हणून उतरवले आणि २४ तासांत दुसरी सोयही केली नाही तर २०,००० पर्यंत. वादळ, धुके, बंद असे कारण असले तर भरपाई नाही, परतावा मात्र असतोच. दोन तासांहून जास्त उशीर झाला तर चहा-नाश्ता मागावा. मागितल्याशिवाय तो सहसा मिळत नाही. तक्रार आधी कंपनीच्या काउंटरवर लेखी द्यावी, तिची पोच घ्यावी, आणि दाद लागली नाही तर सरकारच्या ‘एअरसेवा’वर नोंदवावी. त्यासाठी तिकीट, बोर्डिंग पास आणि कंपनीचा आलेला संदेश फोनमधून पुसून टाकू नये.